गोल म्हणजे बरोबर

आमच्या घरात लहानपणापासून 'हम' म्हणायची रीत. उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागून वीस वर्षं झाली तरी ती सवय गेली नाही, मराठीतही आम्ही 'आम्ही'च राहिलो. या सदराच्या वाचकांना ते ठाऊक आहे. या महिन्यात मात्र 'आम्ही' म्हणजे खरोखर दोघी, आम्ही आणि आमची एकोणीस वर्षांची थोरली. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत टोकियोतल्या एका गल्लीतल्या दवाखान्यात आम्हा दोघींवर जो प्रसंग आला, तो सांगावा की नाही याचा बरेच दिवस विचार केला. मुलगीच म्हणाली, "अम्मी, लिहा. आपल्याकडे घराघरात हेच चाललंय."

आमचा धाकटा भाऊ संगणकाच्या नोकरीनिमित्त टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. तिथे हिंदुस्थानी माणसं इतकी आहेत की पहिले दोन दिवस परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. 2000 सालाच्या आसपास संगणक अभियंते मोठ्या संख्येने जपानला जाऊ लागले, तेव्हापासून ही वस्ती वाढत गेली. 2019 साली याच एदोगावा वॉर्डातून मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. तूरडाळ मिळते, हलाल गोश्तही मिळतं. त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. भावजय पहिल्या बाळंतपणासाठी सोलापूरला गेलेली, भाऊ सकाळी आठला बाहेर पडायचा तो रात्री नऊला परत. दिवसभर आम्ही दोघी आणि आमची वही. वहीत तीसेक जपानी शब्द देवनागरीत लिहून घेतले होते.

मुलगी विमानात बसल्यापासून मास्क लावून होती. जपानात रस्त्यावर, गाडीत, दुकानात कितीतरी लोक मास्क लावतात, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात ती पाठ करून झोपायची, ओढणी पुढे ओढून घ्यायची. सातव्या दिवशी फजरच्या वजूला उठली तेव्हा दिव्याच्या उजेडात चेहरा दिसला. गाल, नाकाच्या कडा, हनुवटी लालभडक. त्यावर बारीक पुटकुळ्या, त्वचा ताणून बसवल्यासारखी चकचकीत. पाणी लागताच ती कळवळली.

"ऊन लागलं असेल, अम्मी."

आम्हीही तेच धरून बसलो. घरून आणलेलं खोबरेल लावलं, काकडी चोळली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज आली. भावाला कचेरीत फोन केला. तो म्हणाला, "आपा, घराजवळच हिफुका आहे. हिफुका म्हणजे त्वचेचा दवाखाना. मला सुट्टी मिळणार नाही, पण तुम्ही घाबरू नका. पासपोर्ट न्या, रोख पैसे न्या. आणि बाराच्या आत जा, दुपारी बंद असतो."

हे बरं सांगितलं त्याने. तिथले गल्लीतले दवाखाने सकाळी आणि मग दुपारी तीनच्या पुढे असे दोन वेळांत चालतात, आणि आठवड्यातला मधलाच एखादा वार सुट्टीचा असतो. दारावर पाटी असते, पण ती वाचता आली तर उपयोग.

आत गेल्यावर पादत्राणं काढून कपाटात ठेवायची आणि तिथल्या सपाता घालायच्या. एवढं आम्हाला मशिदीमुळे आणि घरच्या सवयीमुळे जमलं. काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं. आम्ही वही उघडून वाचलं, "हाजिमेते देस." म्हणजे पहिल्यांदाच आलोय. त्या हसल्या आणि भराभर पुढचं बोलू लागल्या. परक्या भाषेतलं एक वाक्य नीट म्हणायचा हा तोटा असतो. समोरच्याला वाटतं, हिला सगळंच येतं.

विम्याचं कार्ड विचारत असाव्यात. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि बहुतेकांना बिलातला तीस टक्के भागच भरावा लागतो. पाहुण्यांना विमा नाही, पूर्ण पैसे. आम्ही पासपोर्ट पुढे केला. मग एक कागद हातात आला. त्याला मोनशिनह्यो म्हणतात. काय होतंय, कधीपासून होतंय, कशाची अॅलर्जी आहे का, कोणती औषधं चालू आहेत, गरोदर आहात का, असे प्रश्न. नशिबाने एका बाजूला इंग्रजीत भाषांतर होतं. प्रत्येक प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' छापलेलं. आम्ही आमच्या सवयीने 'नाही'वर बरोबरची खूण करत गेलो आणि एका ठिकाणी चुकलेला शब्द गोल करून दुरुस्त केला.

बाईंनी कागद परत आणला, पेन घेतलं आणि एका उत्तराभोवती गोल काढून दाखवला. तेव्हा भावाने सांगितलेलं आठवलं. जपानी शाळेत बरोबर उत्तराला शिक्षक गोल करतात आणि चुकीला आपल्या बरोबरसारखी तिरकी खूण. वीस वर्षं आम्ही लाल शाईने मुलांच्या चुकांना गोल करत आलो. तिथे तोच गोल म्हणजे शाबासकी. पुन्हा पहिल्यापासून सगळा कागद भरला. 'कोणतं औषध चालू आहे का' या प्रश्नावर 'नाही'भोवती चांगला ठसठशीत गोल काढला. मुलगी बाजूला बसून बघत होती. काही बोलली नाही.

खोलीत दहा-बारा माणसं होती, पण कुजबूजही नाही. फोन वाजत नाही, कुणी कुणाला 'तुम्हाला काय झालं' विचारत नाही. आपल्याकडे दवाखान्यातल्या बाकावर निम्मं निदान होऊन जातं. तास-सव्वा तास बसलो. 'तीन तास वाट पाहा, तीन मिनिटं तपासणी' अशी त्या लोकांचीच एक म्हण आहे म्हणे.

आधी नर्सताईंनी विचारपूस केली. आम्ही फोनवरच्या भाषांतराला मराठीत सांगितलं, "चेहऱ्याची आग होतेय." फोनने जपानीत काहीतरी उच्चारलं आणि ताई दचकून उभ्याच राहिल्या. चेहऱ्याला आग लागली असंच त्यांनी ऐकलं असणार. मग त्यांनी बोटांनी गालावर टोचल्यासारखं केलं आणि विचारलं, "चिकुचिकु?" तळहात गालाजवळ हलवून, "हिरिहिरि?" मुलगी पटकन म्हणाली, "हिरिहिरि!"

भाषेच्या शिक्षकाला या गोष्टीची फार गंमत वाटली. आपण ठणकतंय, चुरचुरतंय, टोचटोचतंय म्हणतो, डॉक्टरांना 'ठणठण', 'चरचर' असे शब्द सांगतो. त्यांचीही दुखण्याची भाषा अशीच जोडशब्दांची. चिकुचिकु म्हणजे टोचणं, हिरिहिरि म्हणजे चुरचुर, कासाकासा म्हणजे कोरडं खरखरीत, बुत्सुबुत्सु म्हणजे पुटकुळ्या. व्याकरण नको, क्रियापद नको. हे चार शब्द आमच्या तीस शब्दांपेक्षा जास्त कामाला आले. परक्या मुलखात दवाखान्यात जायची वेळ आली तर दुखण्याचे शब्द आधी शिका, 'नमस्कार' आणि 'आभारी आहे' नंतर. आणि फोनशी बोलताना वाक्प्रचार वापरू नका. 'आग होते', 'जीव जातोय', 'अंगाची लाही होतेय' हे त्याला कळत नाही. छोटं, कोरडं वाक्य बोला आणि जागा बोटाने दाखवा.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. हे पाहून मुलगी निर्धास्त झाली, मास्क काढला, ओढणी मागे घेतली. डॉक्टरांनी भिंगाच्या छोट्या यंत्रातून गाल बराच वेळ पाहिला, मग कपाळ, मग मान. मान स्वच्छ होती. मग आमच्याकडे वळून विचारलं, "इत्सु कारा?" केव्हापासून. हे वहीत होतं. आम्ही दोन बोटं दाखवली, दोन दिवस. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि दुसरा प्रश्न केला. फोनने हिंदीत सांगितलं, "आपने चेहरे पर क्या लगाया?"

आम्ही ठामपणे म्हणालो, "काही नाही." फोनने ते जपानीत सांगितलं.

डॉक्टरांनी मान हलवली नाही. पुन्हा मुलीकडेच बघत, अगदी हळू, एक एक अक्षर सुटं करून एकच शब्द उच्चारला, "सु-ते-रो-इ-दो?"

खोलीतला हा एकच शब्द असा होता की ज्याला ना वही लागली ना फोन. स्टेरॉइड. मुलीने खाली मान घातली. पर्समधून रुमालात गुंडाळलेली, शेवटपर्यंत पिळून चपटी झालेली एक ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. आम्ही ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

दीड वर्ष. रोज रात्री, आम्ही झोपल्यावर. वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. ईदच्या दिवशी आम्हीही केलं होतं, तेही तिथेच आठवलं. नंतर क्रीम न लावलेल्या दिवशी चेहरा लाल व्हायचा, म्हणून लावत राहिली. जपानला आल्यावर ट्यूब संपली. रिकामी ट्यूब टाकली नाही, दाखवून तसलीच विकत घेता येईल म्हणून. लावणं थांबलं आणि आठवड्याच्या आत हे सगळं उसळून वर आलं.

डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. आमच्या नवलाची गोष्ट अशी की औषधांची नावं दोन्ही देशांत जवळपास तीच. कागदावर त्यांनी इंग्रजी अक्षरांत तीन नावं लिहिली. पहिलं जोरदार स्टेरॉइडचं. दुसरं हायड्रोक्विनोन, जे त्वचेतला रंग तयार होणं कमी करतं. तिसरं ट्रेटिनॉइन, जे वरचा थर सोलवटतं. मग त्वचेचं चित्र काढलं, त्यात एक जाड रेघ, तिच्याखाली एक पातळ रेघ, आणि पातळ रेघेखाली लाल पेनाने बारीक शिरा. स्टेरॉइड दीर्घकाळ लावलं की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुम येतात, ऊन सोसत नाही, आणि बंद केलं की दाह दुप्पट जोराने उसळतो. भाषेविना एवढा स्वच्छ धडा आम्ही कुणाला शिकवलेला आठवत नाही.

तिथे डॉक्टरांना आणि शिक्षकांना एकच संबोधन आहे, 'सेन्सेई'. मुलीने सकाळीच काउंटरवर आमच्याकडे बोट करून तो शब्द वापरला होता, माझी अम्मी सेन्सेई आहे म्हणून. त्यामुळे डॉक्टर आमच्याशी फार अदबीने वागत होत्या. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. आम्हीच आमच्या मनात नापास झालो होतो.

कारण ती ट्यूब मेडिकलवाल्याने विकली खरी, पण तिची गरज घरात तयार झाली होती. 'उन्हात फिरू नकोस, काळी पडशील' हे वाक्य आम्ही तिला ती पाच वर्षांची असल्यापासून ऐकवत आलो. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून विचारणा झाली होती. त्यांच्याकडून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण सावळी आहे. निरोप आम्ही मुलीला सांगितला नव्हता. तिने तो दाराआडून ऐकला. त्यानंतर आम्ही बायोडाटा नव्याने लिहिला. आधी 'गेहुआँ' लिहिलं होतं, ते खोडून 'गोरा' लिहिलं. आमच्या सुवाच्य अक्षरात. तो कागद कपाटातून काढून टाइप करायला तिच्याच हातात दिला होता. आखरी हजच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर काही श्रेष्ठत्व नाही असं सांगितलं गेलं, हे आम्ही दरवर्षी वर्गात समजावून सांगतो. वर्ग सुटल्यावर घरी येऊन हे असं.

आम्ही दवाखान्यातच रडलो असतो. पण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न आला, दिवसातून किती वेळा चेहरा धुता? मुलीने पाच बोटं दाखवली. डॉक्टर घाबरल्या. पाच वेळा साबण? मग मुलीने तिथल्या तिथे वजूचा अभिनय करून दाखवला, ओंजळीत पाणी, चेहऱ्यावरून हात, साबण नाही म्हणून दोन्ही हातांची फुली. डॉक्टरांनी फोनमध्ये काही वाचलं, मान डोलावली, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला. गोल म्हणजे बरोबर. फक्त पाणी कोमट हवं, घासायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं आणि लगेच मलम लावायचं.

बिल पूर्ण भरलं, पाच हजार येनच्या आतबाहेर, म्हणजे आपले तीन हजारांच्या आसपास. प्रवासाचा विमा काढलेला असेल तर पावती आणि निदानाचा कागद मागून घ्यावा, नंतर पैसे परत मागता येतात. औषधं दवाखान्यात मिळत नाहीत. शोहोसेन म्हणजे चिठ्ठी घेऊन शेजारच्या याक्क्योकुत म्हणजे औषधाच्या दुकानात जायचं. ती चिठ्ठी दिल्या दिवसासह चारच दिवस चालते. तिथे चिठ्ठीशिवाय आम्हाला तो दुकानदार काही देईना, आणि आम्हाला आमचा कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आठवत राहिला.

गोळीविषयी एक शंका होती. आम्ही वहीतला शब्द वाचला, "बुता?" म्हणजे डुक्कर. आणि "झेराचिन?" म्हणजे जिलेटिन. त्या बाईंनी जराही न हसता आतून औषधाची माहितीपत्रिका आणली, ओळीवर बोट ठेवून वाचली आणि सांगितलं, ही कॅप्सूल नाही, साधी गोळी आहे. पुन्हा बोटांचा गोल. एक छोटी वहीही दिली, ओकुसुरी तेचो, औषधांची वही. कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी आजवरची सगळी औषधं तिच्यात चिकटवलेली असतात. आपल्याकडेही प्रत्येक घरात अशी एक साधी वही ठेवायला काय हरकत आहे? निघताना त्या म्हणाल्या, "ओदाइजिनी." तब्येत जपा. आपल्या 'खुदा हाफिज'च्या जवळचं काहीतरी वाटलं.

घरी येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. मुलीला वाटलं आता बोलणी बसणार. आम्ही एवढंच म्हणालो, "तो बायोडाटा आपण दोघी मिळून पुन्हा लिहू." ती रडली. तिच्याआधी आम्ही रडलो हे कबूल करतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस नावाचं मलम दिलं. सुरुवातीचे काही दिवस चुरचुरेल, हेही सांगितलं. भावाने रात्री त्याची हकीकत सांगितली. टोकियोच्या उत्तरेला त्सुकुबा नावाचा डोंगर आहे. त्याच्या मातीतल्या जिवाणूपासून 1984 साली हे औषध सापडलं आणि त्याच्या नावातलं 'ट' म्हणजे त्सुकुबाच. मलमाच्या रूपात ते जपानमध्ये 1999 पासून वापरात आलं. कुठल्या डोंगराची माती आणि कुठल्या गावच्या मुलीचा गाल!

जपान म्हणजे सगळं शहाणपणच, असंही नाही. गोऱ्या कातडीने सात दोष झाकतात अशी त्यांची जुनी म्हण आहे, आणि दुकानांत 'बिहाकु' म्हणजे सुंदर गोरेपणाच्या बाटल्यांच्या रांगा आहेत. 2013 साली तिथल्या एका मोठ्या कंपनीला रोडोडेनॉल घातलेली प्रसाधनं बाजारातून परत मागवावी लागली. हजारो बायकांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे डाग उठले होते. गोरेपणाच्या हौसेने दिलेले डाग. हा रोग आपल्या एकट्यांचा नाही, एवढंच समजलं.

परत आल्यावर सोलापुरातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जपानची कागदपत्रं घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, असे चेहरे रोज पाहतो. आपल्याकडे 2018 साली सरकारने स्टेरॉइडची कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती हातोहात मिळतात. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. एक्झिमासारख्या दुखण्यात डॉक्टरांच्या सांगण्याने, ठरलेले दिवस, ठरलेल्या जागी लावलं तर मोठा आधार आहे. गोरं होण्यासाठी ते बनवलेलंच नाही.

तेव्हा भगिनींनो, एक करा. मुलींच्या पर्समध्ये, उशीखाली, न्हाणीच्या फळीवर कोणती ट्यूब आहे ते पाहा. तिच्यावर 'आरएक्स' किंवा 'शेड्यूल एच' लिहिलेलं असेल, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, हायड्रोक्विनोन यांतलं एखादं नाव असेल, तर ती डॉक्टरांकडे घेऊन जा. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, लावत राहू नका, आणि फेकूनही देऊ नका. डॉक्टरांना ती पाहावी लागते. मुलीवर ओरडू नका, नाहीतर पुढची ट्यूब आणखी खोल लपवली जाईल. आणि आपल्या तोंडून रोज काय निघतं, तेही एकदा तपासा.

मुलीचा चेहरा आता निवला आहे, अल्हम्दुलिल्लाह. रंग जसा होता तसा, तिच्या दादीसारखा. बायोडाटा तिने स्वतः लिहिला. त्यात रंगाचा रकानाच ठेवला नाही. तपासायला आमच्याकडे आणून दिला, तेव्हा आम्ही लाल पेन घेतलं आणि त्या रिकाम्या जागेभोवती एक मोठा गोल काढला. ती हसली. तिथे तिच्यासोबत होतो म्हणून तिला त्याचा अर्थ कळला.